अजिंठ्याची मानवाकृति आणि शिकणारे हात

मनुष्याकृति रेखाटणें ही चित्रविद्येंतील सर्वांत अवघड गोष्ट मानतात, आणि तें यथार्थच आहे. झाडाची फांदी बोटभर इकडची तिकडे झाली तरी पाहणारा तक्रार करीत नाहीं. पण कोपर बोटभर चुकलें कीं लहान मूलहि हंसतें. ही विद्या आजचा विद्यार्थी पुष्कळदां कागदाऐवजीं टॅब्लेटच्या कांचेवर, डिजिटल लेखणीनें शिकतो. यामुळें खरी कला बुडाली असें एक पक्ष म्हणतो. कला आतां घरोघर पोहोंचली असें दुसरा. दोन्ही पक्षांस एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे कालपरवांपर्यंतच्या औरंगाबादेहून, सुमारें 100 किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. आणि परक्या साधनांनीं मनुष्याकृति गिरविण्याचा प्रयोग तेथें प्रथम होऊन आतां 180 वर्षें झालीं.

28 एप्रिल 1819 रोजीं मद्रासकडील घोडदळांतील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें दहाव्या लेण्यापाशीं पोहोंचला, आणि बाहेरच्या जगास या चित्रांची वार्ता लागली. 1844 मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल यास त्यांच्या नकला करण्यासाठीं नेमिलें. त्यानें तैलरंगांत केलेल्या नकला विलायतेस गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर 1866 च्या आगींत बहुतेक सर्व भस्मसात् झाल्या. पुढें गिलनें कॅमेराहि हातीं घेतला. गिल आणि पारो यांच्या दंतकथा आपल्याकडे आवडीनें सांगतात; त्याच्या कुंचल्याची चौकशी मात्र फारसें कोणी करीत नाहीं.

परंतु गिल शिकलेला चित्रकार होता. शिकणाऱ्यांचा इतिहास सुरू होतो तो त्याच्यानंतर. मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय 1857 मध्यें निघालें. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यानें 1872 ते 1885 या काळांत आपल्या विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन सुमारें 300 नकला करविल्या. पुढें नांवलौकिकास चढलेले पेस्तनजी बमनजी हे त्यांपैकींच एक. या मुलांचे हात बसले होते ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून. पुतळ्यावर एका अंगानें प्रकाश पडतो, दुसरें अंग काळवंडतें, आणि त्या छायेंतून अवयवाची गोलाई साधावी, असा त्यांस पाठ मिळालेला होता. अजिंठ्याच्या भिंतीवर अशी एकतर्फी छाया नाहीं. तेथील चित्रकारानें प्रथम गेरूनें आकृति बांधली, मग रंग भरले, आणि शेवटीं गडद रेषेनें ती पुन्हां निश्चित केली. गोलाई येते ती बहुतांशीं या रेषेच्या वळणांतून. छटा जेथें आहे तेथें ती अवयवाची कड धरून राहते. तेव्हां मुंबईहून शिकून आलेल्या हातास येथें आपलें शिक्षण अर्धें विसरावें लागत होतें.

भारतीय विद्यार्थ्यापुढें ठेवावयास या भिंतींहून उत्तम आदर्श नाहींत, असें ग्रिफिथ्सनें स्वतःच लिहून ठेविलें आहे. विद्यालयांतील ग्रीक पुतळे मात्र जागचे हलले नाहींत! शिवाय या शिक्षणाची किंमत कांहीं अंशीं भिंतींनीं दिली. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर व्हार्निश चढविण्यांत आलें. तें कालांतरानें पिवळें पडलें. 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारानें इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांची सफाई व डागडुजी करविली.

आमच्या पूर्वजांची शिकविण्याची रीत काय होती? विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत तिची कल्पना येते. तेथें पुरुषांचे पांच प्रकार सांगून प्रत्येकाची उंची अंगुळांत दिली आहे. हंस 108 अंगुळें, तर शशक 90. शरीर वळलें असतां कोणता भाग आंखडतो व कोणता वाढतो, याचाहि विचार आहे. पण याहून मार्मिक गोष्ट प्रारंभींच येते: नृत्य न जाणणारास चित्र कळणें कठीण, असें मार्कंडेय वज्र राजास बजावतो. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीची मान, कंबर आणि कमळ धरलेलीं बोटें पाहिलीं म्हणजे या वचनाचें मर्म ध्यानांत येतें. मोजमापानें ती कंबर साधत नाहीं. मुंबईच्या विद्यालयांत जिवंत मनुष्य समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमनच्या कारकीर्दींत, 1919 च्या सुमारास, रीतसर सुरू झाला. तो वर्ग आवश्यक होता यांत संशय नाहीं; पण निश्चल बसलेला मनुष्य आणि नाचणारा मनुष्य हे दोन निराळे गुरु होत.

1909 ते 1911 या दोन हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नकलांसाठीं आल्या, तेव्हां नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण त्यांच्या मदतीस होते. हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन आले. मुंबईच्या मुलांनीं रंग टिपले होते, यांनीं रेषा टिपली. भिंत तीच होती. शिकणाऱ्याचे डोळे बदलले होते. सय्यद अहमद तर पुढें लेण्यांचे क्यूरेटरच झाले.

आतां टॅब्लेटकडे वळूं. 1963 मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंडनें प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ काढून दाखविली, तेव्हां तिचा मनुष्याकृतीशीं फारसा संबंध नव्हता. आज त्याच वंशांतील लेखणी दाबाप्रमाणें रेघ जाड-बारीक करते. एकावर एक ठेवावयाचे लेअर म्हणजे जुन्या नकलाकाराचा पारदर्शक कागदच. यांत बाटण्यासारखें कांहीं नाहीं. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. कांपणारी रेघ यंत्र आपण होऊन गुळगुळीत करतें, आणि मग ती कां कांपली हें विद्यार्थ्यास कळतच नाहीं. पद्मपाणीचें अंगठ्याएवढें चित्र तो बोटांनीं हवें तेवढें मोठें करतो. पण भिंतीवरील आकृति पुरुषभर उंचीहून मोठी आहे, तिची लांब रेषा खांद्यापासून ओढावी लागते, आणि पाटीवर चालतें तें केवळ मनगट.

मग विद्यार्थ्यास लेण्यांत बसवावें काय? तेंहि आतां सोपें राहिलें नाहीं. चित्रांच्या रक्षणासाठीं आंत प्रकाश मंद ठेवितात, फ्लॅशला बंदी आहे, गर्दीस मर्यादा आहे, आणि हे निर्बंध योग्यच आहेत. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं मंद प्रकाशांतच छायाचित्रें घेऊन, गळालेले भाग संगणकावर भरून काढण्याचें काम चालविलें आहे. हा मार्ग मला विशेष आशादायक वाटतो; कारण तुटलेला हात पुरा करावयाचा तर तो कोणत्या मुद्रेंत होता हें आधीं समजावें लागतें, आणि तेथें यंत्राची गुळगुळीत रेघ कामास येत नाहीं.

ग्रिफिथ्सच्या नकलांपैकीं शंभरांहून अधिक 1885 मध्यें लंडनला आगींत गेल्या. ज्या उरल्या त्यांपैकीं बऱ्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. भिंतीवरील जो गिलावा त्या वेळीं शाबूत होता व पुढें पडला, त्यावरील कांहीं मुखें व हात आतां त्या कापडांवरच पाहावयास मिळतात. तीं रंगविणारे मुंबईचे विद्यार्थी होते, आणि त्यांतील पुष्कळांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत.