शनिवार-रविवारची घरकामं : थोडी माहिती, थोडा अनुभव



शुक्रवारी संध्याकाळी फोनवर "मग, या वीकएंडला काय बेत?" असं विचारलं की बऱ्याच घरांतून ठरलेलं उत्तर येतं, "विशेष काही नाही हो, घरचीच कामं." ही घरचीच कामं म्हणजे नेमकी कोणती, ती हातात घेण्याआधी काय माहीत असलेलं बरं, आणि या सगळ्यात मुलांना आणि भारतातून आलेल्या आईबाबांना कसं सामावून घ्यायचं, हे एका ठिकाणी असावं म्हणून हा लेख. इथे अमेरिकेत नुकतंच घर घेतलेल्यांना तो जास्त उपयोगी पडेल. जुन्याजाणत्यांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

सुरुवातीला थोडं सुट्टीविषयी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यांत १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. पुढे १९३८ च्या कायद्यानुसार १९४० पासून चाळीस तासांचा आठवडा रुळला. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो थेट फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी वडिलांना एकच दिवस सुट्टी असे. त्या दिवशी मटण किंवा मिसळ, दुपारची झोप आणि संध्याकाळी कोणाकडे तरी जाणं. नळ गळला तर कोपऱ्यावरच्या प्लंबरला निरोप धाडायचा, तो वायसर बदलून जायचा. इथे त्याच प्लंबरच्या नुसत्या येण्याचे पैसे ऐकून आपण स्वतःच पाना हातात घेतो!

देव्हारा भिंतीवर लावताना

नव्या घरातलं पहिलं काम बहुतेकांकडे हेच असतं. आमच्याकडेही तेच होतं. तिकडे विटांच्या भिंतीला भोक पाडून प्लग ठोकला की पिढ्यान्‌पिढ्या काळजी नाही, त्याच समजुतीने आम्ही चार स्क्रू मारले, फळी लावली, देव मांडले. तिसऱ्या दिवशी फळी अर्धा इंच पुढे झुकलेली दिसली. नशीब, समई अजून खालीच होती.

इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंतीच्या आत उभे लाकडी दांडे असतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यावर ड्रायवॉल, म्हणजे दोन कागदांमधला जिप्समचा थर, साधारण अर्धा इंच जाडीचा. नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारलेला स्क्रू हलकी तसबीर धरेल, पण सागवानी देव्हारा आणि पितळी मूर्ती पेलणार नाही. वजनदार वस्तू स्टडमध्येच स्क्रू मारून लावायची. दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुधा १६ इंच असतं, काही घरांत २४ इंच. स्टड शोधायचं यंत्र दुकानात मिळतं, पण फ्रीजवरचा एखादा जोरकस चुंबकही चालतो. भिंतीवरून हळूहळू फिरवला की ड्रायवॉलचे स्क्रू जिथे आहेत तिथे तो चिकटतो. हे काम मुलांना द्यावं, त्यांना ते गुप्तधन शोधल्यासारखं वाटतं. विजेच्या बटणांच्या आणि प्लगच्या सरळ वर-खाली मात्र भोक पाडू नये, आतून वायर गेलेली असू शकते. फळी लावताना डोळ्यावर विश्वास न ठेवता पाणसळ लावावी.

लाकूड आणायला गेलात तर एक गंमत लक्षात ठेवा. 'टू बाय फोर' म्हणून विकला जाणारा दांडा प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतो. लाकूड वाळवून आणि रंधून तेवढं कमी होतं आणि नाव मात्र जुनंच राहतं. आमच्या चिरंजीवांनी टेप लावून मोजलं आणि दुकानदाराने फसवलं असं तिथेच मोठ्याने जाहीर केलं होतं.

फोडणी आणि धुराचा अलार्म

हा आपल्या मंडळींचा खास प्रश्न. मोहरी तडतडली, मिरचीचा खाट उठला की अलार्म बोंबलतो, आणि मग कोणीतरी वैतागून त्याची बॅटरीच काढून ठेवतं. 'फक्त जेवण होईपर्यंत' काढलेली बॅटरी पुढे सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून असते. कृपा करून असं करू नका. लाकडी घराला आग लागली तर बाहेर पडायला मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

उपाय सोपे आहेत. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब असावा. अलार्मचे मुख्य दोन प्रकार आहेत : आयोनायझेशन प्रकार भडकलेल्या आगीला लवकर ओळखतो, पण स्वयंपाकघराजवळ उगीच वाजतो, फोटोइलेक्ट्रिक प्रकार धुमसत्या आगीला चांगला आणि फोडणीला जरा सहनशील. स्वयंपाकघराच्या बाजूला दुसरा प्रकार घ्यावा. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांच्या बाहेर एक आणि बेसमेंटसकट प्रत्येक मजल्यावर एक, असे अलार्म हवेत. दहा वर्षं झाली की संपूर्ण अलार्मच बदलायचा, नुसती बॅटरी नव्हे. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. शिडी घेऊन एकदा बघाच, आम्ही बघितली तेव्हा आमचे अलार्म आम्ही या देशात येण्याआधीचे निघाले! घड्याळं पुढेमागे करायचे दोन रविवार (२००७ पासून मार्चमधला दुसरा आणि नोव्हेंबरमधला पहिला) या तपासणीला सोयीचे पडतात. त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही पाहावा. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि फर्नेस किंवा गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी यांतून तो घरात येऊ शकतो.

शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो का, हेही पाहा. कित्येक घरांत तो हवा जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. मग हिंगाचा वास कोटांना का लागतो याचं कोडं सुटतं. बाहेर नळी काढता येत असेल तर त्यावर केलेला खर्च आमच्या मते नव्या काउंटरटॉपपेक्षा जास्त कारणी लागतो. ते जमेपर्यंत पंख्याची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी गरम साबणाच्या पाण्यात भिजत घालावी, आणि फर्नेसचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा. फिल्टरचं माप त्याच्याच कडेवर लिहिलेलं असतं. त्याचा फोन कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवावा, दुकानात गेल्यावर ते आठवत नाही.

रंगकाम

रंगाचा एक गॅलन साधारण ३५० ते ४०० चौरस फूट भिंतीला एक हात पुरतो. बारा बाय बारा फुटांची, आठ फूट उंचीची खोली धरली तर चार भिंती ३८४ चौरस फूट होतात. दारं-खिडक्या वजा जाता दोन हातांना दोन गॅलन पुरतात. वेळ मात्र रंगापेक्षा तयारीत जातो. भोकांत लांबी भरणं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारणं, टेप लावणं, जमिनीवर जुन्या चादरी पसरणं, यातच शनिवार सरतो. 'शनिवारी रंगवू, रविवारी पाहुणे बोलावू' असं ठरवू नये.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर थांबा. त्या वर्षी घरगुती रंगात शिसं वापरण्यावर बंदी आली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते, आणि रांगणाऱ्या, बोटं तोंडात घालणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते. आधी तपासणी करून घ्यावी आणि शिसं निघालं तर प्रमाणित कंत्राटदार बोलवावा. इथे पैसे वाचवू नयेत.

अंगण आणि आईबाबा

उन्हाळ्यात आईबाबा येतात. सोमवार ते शुक्रवार आपण कामावर, मुलं शाळेत किंवा कॅम्पला, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यांच्या वाट्याला येतात ते आपले शनिवार-रविवार, आणि तेही आपण दुकानांच्या चकरांत घालवतो. परसात चार बाय आठ फुटांचा एक वाफा करून दिला तर आठवडाभराचा प्रश्न सुटतो असा आमचा अनुभव आहे. न्यू जर्सीसारख्या भागात मेच्या मध्यापर्यंत हिमदवाची भीती असते. त्यामुळे मेथी, कोथिंबीर एप्रिलमध्ये चालेल, पण मिरची, वांगी, भेंडी मेच्या उत्तरार्धातच बाहेर लावावीत. कढीपत्ता कुंडीत लावून थंडीआधी घरात घ्यावा. मैत्रिणीला दुसऱ्या राज्यात कढीपत्त्याचं रोप पाठवण्याआधी मात्र नियम बघा. लिंबू-संत्र्यांच्या बागांना घातक रोग पसरवणारी एक कीड त्यावर पोसली जाते, म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया वगैरे भागांतून रोपं आणि पानं हलवण्यावर निर्बंध आहेत.

कुंपणाचा खांब किंवा झाड, काहीही खणण्यापूर्वी ८११ ला फोन करावा. हा क्रमांक २००७ पासून देशभर चालतो आणि सेवा विनामूल्य आहे. दोन-तीन कामाच्या दिवसांत माणसं येऊन गॅस, वीज, पाणी यांच्या लाइनींवर रंगीत खुणा करून जातात. शनिवारी खणायचं असेल तर फोन आठवड्याच्या सुरुवातीलाच व्हायला हवा.

आणि बाबांना शिडीवर चढू देऊ नका. "मी पुण्यात गच्चीवर चढून टाकी साफ करतो" हे खरं असलं, तरी पर्यटक म्हणून घेतलेल्या विम्यात हाडं मोडण्याचा इथला खर्च कितपत बसतो ते कागद वाचल्यावर कळतं. शिडी लावताना दर चार फूट उंचीला एक फूट पाया भिंतीपासून लांब, हा नियम स्वतःही पाळावा.

काय करू नये

गॅसची लाइन, विजेचा मुख्य पॅनेल, उंच छप्पर आणि वजन पेलणारी भिंत. या चार गोष्टींसाठी माणूस बोलवावा, मित्राने स्वतः केलं असलं तरी. बेसमेंट तयार करणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उद्योग, पण त्याला टाउनचं परमिट लागतं. परमिटशिवाय केलेली कामं घर विकताना डोकं वर काढतात. तिथे झोपायची खोली करायची तर आगीच्या वेळी माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी लागते. आईबाबांसाठी खोली करत असाल तर हे आधी बघा, कार्पेटचा रंग नंतर.

मुलं

अठरा वर्षांत सुमारे ९४० शनिवार येतात. त्यातून वाढदिवसांच्या पार्ट्या, सॉकर, ग्रोसरी, आणि रविवारी मराठी शाळा वजा करा. उरलेल्यांत आपण गॅरेजमध्ये एकटेच कुरकुरत असू तर घर चकचकीत होईल, पण ती आपल्याला हातात पाना घेतलेल्या पाठमोऱ्या माणसासारखी आठवतील. आम्ही बऱ्याच वर्षांनी एक नियम केला : शनिवारी एकच काम, तेही जेवणाच्या आत. अर्धं राहिलं तर राहिलं. पाच वर्षांचं मूल स्क्रू मोजून देतं, आठ वर्षांचं टेप धरतं, बारा वर्षांच्या मुलाला शेजारी उभं राहून, चष्मा लावून ड्रिल चालवू द्यावं. वेळ दुप्पट लागतो हे गृहीत धरायचं. होम डेपोमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांसाठी विनामूल्य सुतारकाम असतं, छोटा नारिंगी एप्रनही मिळतो. जायच्या आधी नाव नोंदवावं.

लेबर डेचा लांब वीकएंड गणपतीच्या आसपास येतो, तेव्हा मखर हेच घरातलं काम. नव्या फ्रीजचं खोकं मिळालं तर सोन्याहून पिवळं. थर्माकोलपेक्षा पुठ्ठा बरा, कापायला सोपा आणि नंतर रिसायकलही होतो. आमच्याकडे एका वर्षी कमान वाकडी झाली, ती तशीच ठेवली. मुलं अजून तिचाच फोटो मागतात.

दहावीत गेल्यावर आमच्या लेकीने टॉर्च धरायला येणं बंद केलं. हाक मारली की "होमवर्क आहे" असं वरूनच उत्तर यायचं. आम्हीही आग्रह सोडला. मागच्या वर्षी तिने कॉलेजच्या भाड्याच्या घरातून रात्री फोन केला, "बाबा, टॉयलेटचं पाणी थांबतच नाहीये." खालचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने बंद कर, असं सांगायच्या आतच म्हणाली, "ते केलंय. फ्लॅपर गेलाय. मला फक्त सांगा, तो दोन इंची घ्यायचा की तीन?" टाकीतलं पाणी काढून तळाचं भोक मोजायला सांगितलं. साधारण संत्र्याएवढं दिसलं तर दोन इंची, मोठ्या ग्रेपफ्रूटएवढं असलं तर तीन. तिचं तीन इंची निघालं.