रायगड किनाऱ्यावरील नदीपूर

रायगड किनाऱ्यावरील नदीपूर : सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि खाडीतील भरती यांची वेळ जुळून आल्याने रायगड जिल्ह्यातील सावित्री, कुंडलिका, अंबा, पाताळगंगा इ. पश्चिमवाहिनी नद्यांना येणारा पूर. या नद्या लांबीने आखूड असल्याने घाटावरचे पाणी काही तासांतच सखल भागात पोहोचते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरमार्गे महाडला येते, तेथे तिला गांधारी मिळते आणि पुढे तिचा उतार जवळजवळ संपतो. बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती महाडपर्यंत जाणवते. महाड पूर्वी बंदर म्हणून नांदले ते याचमुळे, आणि आज ते बुडते त्यालाही हेच एक कारण आहे. भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्राकडे उतरू शकत नाही व मागे फुगवटा धरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या मोठ्या भरतीत, हा फुगवटा अधिक असतो. पात्रात साचलेला गाळ त्यात भर घालतो.

22 जुलै 2021 रोजी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिमी. पाऊस झाला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. परंतु रस्ते पुराने अडल्यामुळे बचावपथकांना तेथे लवकर पोहोचता आले नाही. त्यापूर्वी 2 ऑगस्ट 2016 रोजी, अमावास्येच्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. अंबा नदीच्या जुलै 1989 मधील पुराने जांभूळपाडा गावाची अशीच वाताहत केली होती.

पुराचा अंदाज घेण्यासाठी नदीकाठी मोजपट्ट्या असतात. पाणी ज्या उंचीला आल्यावर गावांना सावध केले जाते ती इशारा पातळी, आणि ज्या उंचीनंतर ते वस्तीत शिरू लागते ती धोका पातळी होय. महाडला सावित्रीची धोका पातळी 6.50 मी. धरली जाते. केवळ हा आकडा पाहणे मात्र पुरेसे नाही, कारण इशारा पातळीजवळचे पाणी ओहोटी लागताच उतरू शकते, तर भरती सुरू होत असेल तर तेच पाणी बाजारपेठेत येते. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्याबरोबरच भरतीची वेळ पाहून, उजेड असतानाच उंचावर जाणे शहाणपणाचे ठरते. कुंडलिकेची गोष्ट थोडी वेगळी आहे : भिरा येथील वीजगृहातून सोडलेल्या पाण्यामुळे कोलाडजवळ तिची पातळी उघडीप असतानाही वाढू शकते, आणि याची कल्पना वर्षासहलीला आलेल्यांना बहुधा नसते.

घोटा बुडण्याहून थोडे अधिक, सुमारे 15 सेंमी., वेगवान पाणीही माणसाचा पाय उचलते, आणि 30 ते 60 सेंमी. पाण्यात मोटार तरंगून वाहू लागते. शिवाय गढूळ पाण्याखाली साकव शाबूत आहे की खचला आहे, हे काठावरून कळत नाही. घर सोडण्यापूर्वी, हात व जमीन कोरडी असेल तरच, विजेचा मुख्य खटका बंद करावा. मदतीसाठी 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक आहेत. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय पिऊ नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होत असल्याने पायावर जखम असलेल्यांनी साफसफाईच्या वेळी गमबूट घालावेत, आणि त्यानंतरच्या दिवसांत ताप आल्यास पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.