ऋतुनिवृत्तीवरील वनस्पतिज उपचारांचा इतिहास
ऋतुनिवृत्ती म्हणजे अंडाशयांचे कार्य मंदावत जाऊन मासिक पाळी कायमची थांबणे. पाळी आल्यावाचून सलग बारा महिने लोटले म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे धरतात. तत्पूर्वीची काही वर्षे पाळी अनियमित होते, अंगातून एकाएकी उष्णतेचे लोट येतात, रात्री घाम सुटतो व झोप मोडते. ही लक्षणे अल्पकाळची आहेत असा समज पूर्वी रूढ होता. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अमेरिकन पाहणीत उष्णतेच्या लोटांचा मध्यम कालावधी ७·४ वर्षे आढळला. त्यांवर निसर्गातील उपाय शोधण्याची धडपड इतकी चिवट का राहिली, हे यावरून उमगते.

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षानंतर सुरू होते व पन्नाशीच्या सुमारास तिचा क्षय होतो, असे सांगितले आहे. मात्र हा क्षय वार्धक्याचा स्वाभाविक भाग मानला असून त्याची गणना स्वतंत्र रोग म्हणून केलेली नाही. शतावरीचे वर्णन मुख्यतः बल्य व स्तन्यवर्धक असे येते. ऋतुनिवृत्तीचे खास औषध म्हणून तिचा आजचा प्रसार अर्वाचीन आहे. यूरोपात फ्रेंच वैद्य गार्दान यांनी १८२१ मधील आपल्या ग्रंथात ‘मेनोपॉज’ ही संज्ञा वापरली आणि तेथून या अवस्थेचे वैद्यकीय वाङ्मय वाढू लागले. तत्कालीन उपचार रक्तमोक्षण व रेचके यांच्या पलीकडे फारसे गेले नव्हते.

वनस्पतिज औषधांपैकी सर्वांत बोधप्रद इतिहास ‘ब्लॅक कोहॉश’ या वनस्पतीचा आहे. ॲक्टिया रॅसिमोझा असे शास्त्रीय नाव असलेली ही ओषधी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील वनांत उगवते. तेथील मूळ रहिवासी तिचे मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) संधिवात व स्त्रियांचे विकार यांवर वापरीत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली आणि अमेरिकेच्या १८२० मधील पहिल्या औषधसंहितेत तिला स्थान मिळाले. १८७५ पासून मॅसॅचूसेट्समधील लिन येथील लिडिया पिंकम या गृहिणीने घरच्या चुलीवर तयार केलेला वनस्पतींचा अर्क बाटल्यांतून विकण्यास सुरुवात केली. १८७३ च्या आर्थिक अरिष्टात पतीचा व्यवसाय बुडाल्याने कुटुंबावर ही पाळी आली होती. या अर्कात ब्लॅक कोहॉश व मेथी यांबरोबरच सु. १८ टक्के मद्यार्क होता. पिंकमबाई स्वतः मद्यपानबंदीच्या पुरस्कर्त्या होत्या, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. बाटलीवर त्यांचे चित्र असे आणि स्त्रियांनी आपली दुखणी त्यांना पत्राने कळवावीत, असे जाहिरातींत आवाहन असे. त्या १८८३ मध्ये वारल्या, तरी जाहिरातींतील आवाहन चालूच राहिले. अखेर १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. तथापि या सर्व प्रकाराला केवळ फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या काळी पुरुष वैद्यासमोर या तक्रारींचा उच्चार करणेही स्त्रियांना अवघड होते, त्या काळी त्या ऐकून घेणारे कोणी तरी आहे हा दिलासा बाटलीबरोबर मिळत होता.

स्त्रीमदजन (एस्ट्रोजेन) हे हॉर्मोन १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळविले. १९४२ पासून गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले मिश्रण अमेरिकेत प्रचारात आले. म्हणजे ज्याला पुढे ‘कृत्रिम’ ठरवून स्त्रिया दूर लोटू लागल्या, तेही उगमाने नैसर्गिकच होते. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकात ऋतुनिवृत्ती हा उणिवेमुळे होणारा रोग ठरविला. एकट्या स्त्रीमदजनामुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ मध्ये उघडकीस आल्यावर त्यास प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्याची जोड देण्यात येऊ लागली. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त उपचाराची चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सु. ८ रोगी अधिक आढळले होते. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते व साठीच्या आतील स्त्रियांना हाच निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही, हे विवेचन मागाहून झाले. तोवर लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या सोडल्या होत्या.

त्यांपैकी अनेकजणी पुन्हा वनस्पतींकडे वळल्या. जर्मनीत ब्लॅक कोहॉशचा अर्क १९५० नंतरच्या दशकापासून विक्रीस होताच. आता त्याला जगभर मागणी आली. वॉशिंग्टन राज्यातील ३५१ स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकटे ब्लॅक कोहॉश, अनेक वनस्पतींचे मिश्रण आणि त्या मिश्रणास सोयाबीनयुक्त आहाराची जोड यांपैकी काहीही औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरले नाही. हॉर्मोनाने मात्र स्पष्ट गुण आला. २०१२ मध्ये १६ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातही ब्लॅक कोहॉशच्या बाजूने पुरेसा पुरावा मिळाला नाही. तांबड्या क्लोव्हरच्या २००३ मधील चाचणीत उष्णतेचे लोट औषधहीन गोळी घेणाऱ्यांतही एकतृतीयांशाहून अधिक कमी झाले होते. गुण आल्याचे स्त्रिया प्रामाणिकपणे सांगतात आणि तरीही औषध निष्प्रभ असू शकते, ते यामुळेच. रानटी कोनफळवर्गीय कंदाच्या मलमाविषयीचा समज तर सरळ चुकीचा आहे : रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील अशा कंदातील डायोसजेनिनापासून १९४० नंतर प्रोजेस्टेरॉन बनविले हे खरे, पण ते रूपांतर प्रयोगशाळेत होते, मानवी शरीर ते करू शकत नाही.

ही द्रव्ये सर्वस्वी निरुपद्रवीही नाहीत. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदींवरून २००६ मध्ये यूरोपीय औषध नियंत्रकांनी इशारा दिला. औषधाविना करावयाच्या उपायांपैकी विचार व वर्तन यांना वळण लावणाऱ्या मानसोपचाराला आधार मिळाला आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने लोटांची संख्या घटली नाही, परंतु त्यांचा जाच लक्षणीय कमी झाला. उत्तर अमेरिकेतील ऋतुनिवृत्ती संस्थेने २०२३ मध्ये या उपचाराची शिफारस केली. वनस्पतिज औषधे व सोयाबीन यांची केली नाही.