मध्यम ग्रह आणि गणेश दैवज्ञ

एकसमान गतीने जाणाऱ्या वस्तूचे स्थान काढावयास आरंभस्थान, गती व काल या तीनच गोष्टी लागतात. गती व काल यांचा गुणाकार म्हणजे विस्थापन. ते आरंभस्थानात मिळविले की इष्टस्थान हाती येते. आमच्या ज्योतिर्गणितातील 'मध्यम ग्रह' साधण्याची रीत हीच होय. तेथे आरंभस्थानास क्षेपक व गेलेल्या दिवसांस अहर्गण म्हणतात. रवीची मध्यम दिनगती ५९ कला ८ विकला. म्हणजे ३० दिवसांत तो २९ अंश ३४ कला सरकतो.

अहर्गण मात्र वर्षागणिक वाढत जाऊन गुणाकार अवजड होई. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) च्या 'ग्रहलाघवा'त ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, चक्र कल्पिले. प्रत्येक चक्रामागे ठरलेला ध्रुवांक वजा करावयाचा आणि गुणाकार उरलेल्या दिवसांपुरताच. पंचांगकर्त्यांनी हा ग्रंथ शतकानुशतके हाताशी ठेवला, तो या सोयीमुळेच.

परंतु गतीत रोज एका विकलेची चूक राहिली, तर ३६०० दिवसांत स्थान एक अंशाने ढळते. म्हणून पूर्वाचार्य वेध घेऊन बीजसंस्कार देत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, ती याच गरजेपोटी. आणि पुढे पंचांगांचा वाद उभा राहिला.

एकाच कुळातील सण ग्वाल्हेरीस एका दिवशी व बडोद्यास दुसऱ्या दिवशी आला, तर त्यात कोणाची श्रद्धा उणी ठरत नाही. पुष्कळदा गणिताची मूळ मानेच निराळी असतात, एवढे आम्ही ध्यानी ठेवावे.