कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग घरी बदलायचे आहेत? आधी हे वाचा

बेळगाव | प्रतिनिधी

आपल्या भागात जुन्या मारुती ८०० अजून बऱ्याच घरांच्या दारात उभ्या दिसतात. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात शेवटच्या गाडीचंही वय आता दहाच्या पुढे गेलं. अशा गाडीचं इंजिन वरून 'टकटक' करायला लागलं की गॅरेजवाला सांगतो, "कॅम गेलाय, हेड उतरावं लागेल." मजुरी आणि पार्टचा हिशेब केला की गाडीच्या किमतीशी तो जुळत नाही. मग दोनच वाटा उरतात. गाडी भंगारात द्यायची, नाही तर स्वतः हात काळे करायचे.

दुसरी वाट धरणाऱ्यांसाठी ही माहिती. आम्ही कॉमर्सवाले, मेकॅनिक नव्हे. पण हे काम घरासमोर एकदा बिघडवून आणि एकदा नीट करून पाहिलं आहे. उदाहरणाला मारुती ८०० चं जुनं ६ व्हॉल्व्हचं इंजिन घेतलं आहे, कारण शिकायला इतकं साधं इंजिन दुसरं सापडणं कठीण.

कॅमशाफ्ट काय करतो?

७९६ सीसी, ३ सिलिंडर, प्रत्येकाला २ व्हॉल्व्ह, असं हे इंजिन. कॅमशाफ्ट एकच, आणि तो हेडमध्येच बसतो. खालचा क्रँक दोन फेरे फिरला की टायमिंग बेल्टमुळे वरचा कॅम एक फेरा फिरतो. कॅमवरचे उंचवटे, ज्यांना मिस्त्री 'नाक' म्हणतात, रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. व्हॉल्व्ह परत बंद करण्याचं काम स्प्रिंगचं.

क्रँक मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २००० वेळा, म्हणजे सेकंदाला तेहतीसेक वेळा उघडतो आणि मिटतो. स्प्रिंग मऊ पडली तर वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. कॅमचं नाक झिजलं तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. दोन्हींत गाडी ओढत नाही, पण दुखणं वेगळं आहे.

कॅमशाफ्ट बहुधा बिडाचा असतो. ओतताना नाकाची जागा मुद्दाम पटकन थंड करतात, त्यामुळे वरचा थर कडक होतो. आपल्या शेजारच्या सोलापुरात असे कॅमशाफ्ट मोठ्या प्रमाणावर बनतात आणि परदेशी कार कंपन्यांनाही जातात. हा कडक थर एकदा फुटला की आतलं मऊ बीड भराभर झिजतं. म्हणून नाकावर खड्डे दिसले तर घासून, पॉलिश करून भागत नाही. कॅम बदलावाच लागतो.

खरंच कॅम गेलाय का?

निम्म्या वेळा आवाज टॅपेटचा असतो. म्हणून पार्ट आणायच्या आधी या क्रमाने बघा.

१. तेलाची पातळी आणि तेलाचं वय. तेल कमी असेल तर आधी ते.

२. इंजिन थंड असताना फिलर गेजने टॅपेटचं अंतर तपासा. थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात. ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव आकडा नको.

३. कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर मोजा. एकच खूप कमी आला तर त्यात थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे बोट.

४. वरचं कव्हर काढा आणि इंजिन हाताने फिरवत प्रत्येक नाक बॅटरीच्या उजेडात बघा. एखादं नाक बाकीच्यांपेक्षा बुटकं किंवा चरे पडलेलं दिसलं तर मात्र दुखणं सापडलं.

उद्यमबागेतल्या एका जुन्या लेथ मिस्त्रींकडे झिजलेला कॅम दाखवायला नेला तेव्हा ते म्हणाले, "कॅम खाल्लाय म्हणून घेऊन आलासा, पण तेल कधी बदललासा ते सांगा की." उत्तर आमच्याकडे नव्हतं. रॉकर शाफ्टची बारीक भोकं काळ्या गाळाने बुजली होती. तेलच पोहोचत नव्हतं. ती भोकं साफ न करता नवा कॅम घातला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. म्हणून कॅम बदलण्याआधी तो का झिजला ते शोधणं जास्त महत्त्वाचं.

काय काय लागेल?

गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, फिलर गेज, व्हर्निअर, चुंबकाची काडी, स्वच्छ सुती कापड, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं अवजार. या शेवटच्यात बरेच जण फसतात. इंग्रजी 'सी'च्या आकाराचं अवजार हेड उतरवलेलं असेल तरच चालतं, कारण त्याचं एक टोक व्हॉल्व्हच्या खालून लागतं. हेड गाडीवरच ठेवून काम करायचं तर वरून दाबणारं, तरफेचं अवजार लागतं.

पार्टमध्ये कॅमशाफ्ट, स्प्रिंगचा पूर्ण सेट, व्हॉल्व्ह सील, कॅमचं पुढचं ऑइल सील, वरच्या कव्हरचं गॅस्केट आणि नवा टायमिंग बेल्ट. एकच स्प्रिंग मोडली असली तरी सेटच बदला. बेळगावातून घ्या नाही तर कोल्हापुरातून, पण पक्कं बिल घ्या. नकली पार्ट निघाला तर हातात तेवढाच पुरावा असतो.

उकलताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा आणि टायमिंगच्या खुणा जुळलेल्या बघा. एक खूण कॅमच्या पुलीवर, एक खाली क्रँकच्या पुलीवर, आणि त्यांच्या समोर इंजिनावर त्यांच्या जोडीच्या. मोबाईलवर फोटो काढा. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या मागच्या टोकाला असतो. त्याचा रोटर कुठे बघतोय तिथे आणि त्याच्या बॉडीवर खूण करा.

आता टॅपेटचे सगळे स्क्रू सैल करा, बेल्ट उतरवा. कॅमच्या पुलीचा बोल्ट सोडताना पुली होल्डरनेच धरा, बेल्टला ताण देऊन नको. डिस्ट्रिब्युटर आणि त्याचं घर काढा. रॉकर शाफ्टचे वरचे स्क्रू काढले की शाफ्ट बाजूने सरकतात आणि रॉकर, त्यांच्या बारीक स्प्रिंग एकेक सुटतात. प्रत्येक रॉकर जिथला तिथेच परत बसला पाहिजे. अंड्याचा रिकामा ट्रे घ्या आणि खणांवर नंबर टाका. मग कॅम मागच्या बाजूने, फिरवत फिरवत, सावकाश ओढा. ओढताना नाकाची कड आतल्या ॲल्युमिनियमला लागली तर बेअरिंगच्या जागेवर चरा पडतो, आणि तिथे वेगळं बेअरिंग नसल्याने तो चरा हेडचाच.

ओम्नीत हेच इंजिन सीटखाली, उभं बसतं. तिथे हात जायला जागा फार कमी. तिथे हेड उतरवून काम केलेलं बरं.

स्प्रिंग काढताना : सगळ्यात नाजूक टप्पा

स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला धरणारं काहीच उरत नाही. तो सिलिंडरमध्ये घसरला तर हेड उतरवावंच लागतं. यावर जुना उपाय दोरीचा. कॅम बाहेर असल्याने सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणून क्रँक फिरवायला अडचण नसते. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ, धागे न सुटणारी दोरी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा. मग क्रँक हाताने हळू फिरवून पिस्टन वर आणा. दोरी दबून व्हॉल्व्हला खालून टेकू देते. काही जण कंप्रेसरची हवा भरतात. हवेचा धोका असा की पिस्टन एकदम खाली जाऊन क्रँक फिरतो. त्या वेळी पुलीजवळ हात किंवा पाना नको.

स्प्रिंग दाबायच्या आधी हेडमधलं तेल खाली जाणारं प्रत्येक भोक कापडाने बुजवा. आम्ही पहिल्या वेळी एक भोक विसरलो. स्प्रिंगच्या टोपीत बसणारे दोन अर्धे लॉक असतात, नखाएवढे. त्यातला एक उडाला आणि कुठे गेला कळेना. चुंबक फिरवून सापडला नाही तेव्हा शेवटी तेलाचा चेंबर उतरवला. रात्री साडेदहाला तो तिथे गाळात मिळाला. न शोधता इंजिन चालू केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजून नको वाटतो.

जुनी स्प्रिंग नवीशेजारी उभी करून व्हर्निअरने उंची मोजा. गुण्या लावून ती सरळ उभी आहे का बघा. दाबाची ताकद मात्र घरी मोजता येत नाही, त्याला स्प्रिंग टेस्टर लागतो. व्हॉल्व्ह सील याच वेळी बदला. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येत असेल तर बहुतेक दोष त्याचाच असतो.

बसवताना

ज्या स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट असतात, ते दाट टोक खाली, हेडकडे. लॉक बसले की स्प्रिंगच्या टोपीवर प्लास्टिकच्या हातोडीने हलका ठोका द्या. अर्धवट बसलेला लॉक आत्ताच निसटू दे, रस्त्यावर नको. दोरी काढली का? प्रत्येक सिलिंडरला स्वतःला विचारा.

नव्या कॅमच्या नाकांना आणि बेअरिंगच्या जागांना असेंब्ली ल्यूब किंवा निदान स्वच्छ इंजिन ऑइल भरपूर लावा. रॉकरच्या घासणाऱ्या तोंडावर खड्डा किंवा पायरी पडली असेल तर तो रॉकर नवा घ्या. जुना खरखरीत रॉकर नव्या कॅमला काही दिवसांत खातो.

टॅपेटचे स्क्रू सैलच ठेवा, म्हणजे कॅम मोकळा फिरेल. दोन्ही खुणा जुळवा, नवा बेल्ट चढवा, टेन्शनर लावा. आता स्टार्टरला हात न लावता पान्याने क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. एक दात जरी पुढेमागे दिसला तर बेल्ट परत उतरवा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. खुणा बरोबर आल्या की टेन्शनर घट्ट करा आणि मग टॅपेट सेट करा. बोल्ट सगळे टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्यांनुसार. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अंदाजाने आवळलेला बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो.

तेल आणि फिल्टर नवा घाला. पहिल्या स्टार्टला तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर बराच वेळ निव्वळ आयडलवर ठेवू नका, थोडा वेग देऊन गरम होऊ द्या. काही दिवसांनी टॅपेट पुन्हा तपासा.

कुठे थांबायचं?

व्हॉल्व्हची सीट जळली असेल, गाइड ढिले असतील, हेडला बाक आला असेल किंवा कॅमच्या बेअरिंगच्या जागेवर चरे असतील, तर घरचं काम तिथेच संपलं. हेड उतरवून मशीन शॉपला द्या. आपल्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं करणारी जुनी, अनुभवी माणसं आहेत. मापं घेऊन गेलात तर त्यांनाही सोपं जातं आणि तुम्हाला नको ते काम गळ्यात पडत नाही.

डबल कॅम, चेन किंवा हायड्रॉलिक टॅपेटच्या नव्या गाड्यांत, आणि डिझेलमध्ये तर नक्कीच, हे काम घरी सुरू करू नका. तिथे कॅम जागेवर धरायला खास पिना लागतात, आणि कॅमच्या टोप्या ठरलेल्या क्रमाने थोड्या थोड्या सोडाव्या लागतात. क्रम चुकला तर कॅम मोडू शकतो.

आणि ज्याची रोजची भाकरी त्या गाडीवर आहे, भाजी आणणारी ओम्नी असो की मुलांना शाळेत सोडणारी, त्याने हे काम रविवारी सायंकाळी तर मुळीच हाती घेऊ नये. दोन दिवस मोकळे काढा, दुसऱ्या गाडीची सोय करा. घाईत विसरलेलं एक भोक आम्हाला एका रात्रीत पडलं. कुणाला ते आठवड्याच्या कमाईत पडेल.