शरीरमापन, रक्तगट आणि जातिनाम : महाराष्ट्रातील जैव मानवशास्त्राची वाटचाल

तारापूर परिसरातील समुद्रकाठच्या दांडीपासून बोईसरमार्गे पूर्वेस जव्हारच्या डोंगरांकडे निघालेला प्रवासी एका दिवसाच्या वाटेत मांगेला, भंडारी, वाडवळ, मल्हार कोळी, वारली, काथोडी, कोकणा अशा अनेक समाजांच्या वस्त्या ओलांडतो. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणारा हा प्रदेश विस्ताराने लहान, परंतु मानवसमूहांच्या दृष्टीने दाट आहे. हे समाज एकाच मुळातून फुटले की निरनिराळ्या वाटांनी येऊन शेजारी वसले, हा प्रश्न कोणाच्याही मनात उद्भवावा असा आहे. त्याचे उत्तर कोणत्या साधनाने शोधावयाचे, याविषयीच्या मतांतरांतूनच महाराष्ट्रातील जैव मानवशास्त्राचा इतिहास घडला.

मानवशास्त्राच्या सामान्यतः चार शाखा मानल्या जातात. मनुष्याच्या शरीराचा, उत्क्रांतीचा व आनुवंशिकतेचा विचार करणारी जैव शाखा; अवशेषांवरून गतकालीन जीवनाची मांडणी करणारी पुरातत्त्वीय शाखा; आप्तसंबंध, आचार व संस्था यांचा अभ्यास करणारी सामाजिक-सांस्कृतिक शाखा; आणि भाषिक शाखा. ही चतुर्विध मांडणी मुख्यतः अमेरिकेत रूढ झाली. युरोप खंडात, विशेषतः जर्मनीत, ‘मानवशास्त्र’ या नावाने दीर्घकाळ केवळ शरीरविषयक अभ्यासच ओळखला जाई. फ्रान्झ बोआस यांनी १९११ च्या सुमारास वंश, भाषा आणि संस्कृती या तिन्ही गोष्टी परस्परांपासून स्वतंत्रपणे बदलू शकतात, हे प्रतिपादन केले. स्थलांतरित कुटुंबांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवणही पालकांहून काहीशी बदलते, हे त्यांनी मापनाने दाखविले होते. पुढील विवेचनात हा धागा ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

मुंबईत मानवशास्त्रीय संस्था १८८६ मध्ये स्थापन झाली. परंतु हिंदुस्थानातील शरीरमापनाला शासकीय बळ मिळाले ते हर्बर्ट रिस्ली यांच्यामुळे. डोक्याची रुंदी लांबीच्या शेकडा किती, हा शीर्षनिर्देशांक. नाकाची रुंदी उंचीच्या शेकडा किती, हा नासिकानिर्देशांक. शीर्षनिर्देशांक ७५ हून कमी असल्यास डोके लांबट, ८० हून अधिक असल्यास रुंद, असा संकेत होता. या दोन अंकांवर रिस्ली यांनी साऱ्या देशाचे वांशिक वर्गीकरण उभे केले. पश्चिम भारतातील रुंद डोक्यांचा उलगडा करण्यासाठी त्यांनी मराठ्यांना ‘शक-द्राविड’ ठरविले आणि जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा सिद्धान्तही मांडला. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या जातिविषयक ग्रंथात रिस्ली यांचेच आकडे तपासून दाखविले की, हा संबंध उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही. सिद्धान्ताचा पाया असा डळमळीत असूनही ‘वांशिक नमुना’ ही कल्पना पाठ्यपुस्तकांतून सहजासहजी गेली नाही.

घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी या परंपरेशी दुहेरी नाते जोडले. १९२८ मध्ये चित्पावनांवरील प्रबंधाने मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवून त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर त्यांनी संशोधन केले. फिशर हे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजनन यांसाठी १९२७ मध्ये निघालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक होते. या संस्थेचे नाव पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाशी कायमचे जोडले गेले. कवटीच्या दोन बाजूंतील फरक वंशपरत्वे भिन्न असावा, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मापनांतून तसे निष्पन्न झाले नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. गुरूच्या गृहीतकाविरुद्ध आकडे गेले असता आकड्यांच्या बाजूस राहणे, ही गोष्ट त्या काळी व त्या ठिकाणी लहान नव्हती.

तथापि कर्वे यांनी मापनाची साधने टाकून दिली नाहीत; प्रश्न मात्र बदलला. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील जातिजमातींची विस्तृत मापने घेतली, आणि वि. म. दांडेकर यांच्या सांख्यिकीय साहाय्याने ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘हा समाज कोणत्या वंशाचा?’ याऐवजी ‘विवाहसंबंध कोणत्या मर्यादेत होतात?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते खरी जात म्हणजे अंतर्विवाही गट, म्हणजेच आप्तांचा विस्तारलेला समूह. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुंभार’ यांसारखी नावे ही अशा अनेक गटांच्या समुच्चयाची नावे होत. एका समुच्चयातील गट एकाच मूळ समूहाचे तुकडे असलेच पाहिजेत असे नाही. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैव तुलना करून हाच प्रश्न कसोटीस लावला. समान दर्जा म्हणजे समान उगम नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होते.

पालघरच्या किनाऱ्यावर या मुद्द्याचे महत्त्व चटकन पटते. ‘कोळी’ हे नाव समुद्रावर जाळे टाकणाऱ्यालाही लागते आणि सह्याद्रीच्या उतारावर शेती करणाऱ्या महादेव कोळ्यालाही. १९५७ मध्ये घुर्ये यांनी या दुसऱ्या समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नाव एक म्हणून रक्त एक, असे अनुमान येथे करता येत नाही. भाषेच्या बाबतीतही हाच भ्रम संभवतो. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०५ च्या मराठीविषयक सातव्या खंडात वारली, काथोडी, वाडवळ, सामवेदी अशा बोलींची नोंद आहे. ही मुळात समाजांची नावे. प्रथम समाजाचे नाव बोलीला मिळाले; मग बोली वेगळी म्हणून समाज वेगळा, आणि समाज वेगळा म्हणून वंश वेगळा, असे चक्राकार अनुमान सोपे झाले. बोली शेजारधर्माने, व्यापाराने, मजुरीने बदलते. जनुके विवाहाने वाहतात. दोहोंच्या सीमा कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. आणि त्या कोठे जुळत नाहीत, हेच अनेकदा अधिक उद्बोधक असते.

दरम्यान अभ्यासाचे साधनही पालटत होते. हिर्शफेल्ड दांपत्याने सलोनिका आघाडीवरील निरनिराळ्या देशांच्या, त्यांत हिंदी, सैनिकांचे रक्तगट तपासून १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. मुंबईत ल. द. संघवी व वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या सुमारास सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये संघवी यांनी आनुवंशिक व शरीररचनात्मक अशा दोन्ही पद्धतींची तुलना केली. १९५२ मध्ये य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट नोंदविला की, ज्यात ए व बी यांबरोबरच त्यांचा पाया असलेला एच हा घटकही नसतो. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. अशा व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते. नेहमीचे ‘ओ’ रक्तही तिला चालत नाही.

या वळणाचे सर्वांत गंभीर उदाहरण दात्रकोशिका रोगाचे आहे. हिमोग्लोबिनातील बदलाचे जनुक एकाच पालकाकडून आले तर मुलास घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. दोन्ही पालकांकडून आले तर तीव्र रोग होतो. महाराष्ट्रात हे जनुक अनेक आदिवासी समाजांत आढळते, तसेच विदर्भातील काही अनुसूचित जातींतही. जुन्या वंशकोष्टकात त्याला जागा नाही. त्याचा मागोवा हिवतापाच्या भूगोलात आणि विवाहाच्या मर्यादांत घ्यावा लागतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात आदिवासी भागांत तपासणी होत आहे, ती याच ज्ञानावर उभी आहे. परंतु तपासणीपत्रकावर जातीचे नाव लिहिले जाते, तेव्हा जुना धोकाही परत येतो : जनुक हे गटातील संभाव्यतेचे विधान आहे, व्यक्तीचे लक्षण वा समाजाचा डाग नव्हे. हा भेद न सांगता केलेली तपासणी विवाह मोडावयास कारण होऊ शकते.

एवंच, कंपासापासून रक्ताच्या थेंबापर्यंतच्या या प्रवासात साधन अधिकाधिक सूक्ष्म झाले; पण शास्त्राची खरी प्रगती झाली ती प्रश्न बदलल्यामुळे. समाजाला दिलेले नाव आणि समाजाचे जैव वास्तव यांतील अंतर ओळखल्याखेरीज दांडीच्या किनाऱ्यापासून जव्हारपर्यंतचा एक दिवसाचा प्रवासही नीट वाचता येत नाही. अशा वाचनासाठी शरीर, अवशेष, आचार व भाषा या चारही शाखांचे साहाय्य लागते. त्यांतील एकीचा निष्कर्ष दुसरीच्या पुराव्यादाखल वापरावयाचा नाही, एवढे पथ्य मात्र अभ्यासकाने पाळले पाहिजे.