डॉ. कोटणीस आणि फीट

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे काही सांगायला नको. भैय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे, शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा आहे. पण ते गेले कशानं, असं विचारलं तर बरेच जण म्हणतात, 'युद्धात, गोळी लागून असेल.' तर नाही. ते गेले फीट येऊन. अपस्मार, आकडी, काही ठिकाणी फेपरं म्हणतात तेच.

जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकले. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोट निघाली.

आता गंमत बघा. गंमत तरी कशी म्हणायची! त्याच महिन्यात अमेरिकेत मेरिट आणि पुटनम या दोन डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला. त्याआधी फीटवर ब्रोमाइड नाहीतर १९१२ पासूनचं फिनोबार्बिटल. त्यानं पेशंटला गुंगी यायची. या दोघांनी मांजरांना विजेचा झटका देऊन औषधं तपासली आणि त्यातून गुंगी न आणता झटके रोखणारं औषध सापडलं, फेनिटॉइन. तीस वर्षांपूर्वीच तयार होऊन पडलेलं हे रसायन! आज आपल्याकडे मेडिकलमध्ये 'एप्टॉइन' म्हणून मिळतं ते हेच.

आणि इकडे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगरात, जपानी नाकेबंदीत. तिथं साध्या औषधांचीही मारामार. १९४० च्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता ऑपरेशन्स केली, असं सांगतात. आपण ऐकून टाळ्या वाजवतो. पण झोप मोडणं हे फीट यायचं एक मोठं कारण असतं, हे आज कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट सांगेल. त्यांच्या बाबतीत तसंच झालं का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ती गोष्ट आता मला टाळ्या वाजवून ऐकवत नाही.

या काळातच ते बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये को छिंगलान या नर्सशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगा. नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला झटके थांबेनात आणि कोटणीस गेले. वय ३२.

फीट येणारा माणूस सर्जन होता, संसारी होता. आणि आपल्याकडे? हिंदू विवाह कायद्यात १९७६ ला वारंवार येणारी फीट लग्नाच्या आड आणली गेली, ती अट निघाली १९९९ ला. लग्न जमवताना अजूनही पोरीची गोळी डब्यात लपवतात.

जाता जाता एक. कुणाला फीट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं की १०८ लावा.